पिकअपचा हौदा, गाडीचे कागद, एसटी आणि वाडीचा रस्ता: कोकणात जाता-येताना काय बघायचं आणि कुठे अर्ज करायचा

वाहतुकीचे नियम म्हटलं की गावात लोक म्हणतात, ते सगळं हायवेला, आपण काय वाडीतून बाजारात जाणार नि परत येणार. पण आपले रस्ते बघा ना, एका बाजूला जांभ्याचा कडा, दुसऱ्या बाजूला खाली पऱ्या, समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाने मागे घ्यायची, आणि काही झालं तर १०८ च्या रुग्णवाहिकेला तालुक्याच्या गावावरून यायचं असतं, तोपर्यंत माणूस रस्त्यातच. त्यात २०१९ ला मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, त्यानंतर भरपाईचे नियम बदलले, उपचाराची योजना आली, पण गावात अजून जुनं ऐकीवच चालू आहे. एसटीच्या स्टॉपवर, पंचायतीत लोक जे विचारतात ते सगळं इथे लिहितोय, थोडं लांबेल पण वाचा.

पिकअपच्या हौद्यात माणसं

पहिलं हेच, कारण हे आपल्याकडे सर्रास चालतं. लग्नाचं वऱ्हाड, क्रिकेटची टीम, भजनी मंडळ, आंबा काढणीची माणसं, शिमग्याला पालखीबरोबरची मंडळी, सगळे पिकअप नाहीतर टेम्पोच्या हौद्यात उभे. हौद्याला सीट नाही, बेल्ट नाही, फाळका कमरेच्या खाली, आणि वळणावर ड्रायव्हरने जरा स्टेअरिंग कापलं की उभी माणसं एका बाजूला कलंडतात आणि त्या वजनानेच गाडी पलटी होते.

कायद्याने मालवाहू गाडीत माणसं बसवता येत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नाही ते इन्शुरन्सचं. मालवाहू गाडीत अशी फुकट किंवा भाडं देऊन बसलेली माणसं गेली किंवा जखमी झाली तर विमा कंपनी त्यांच्या भरपाईला बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच स्पष्ट केलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत केबिनमध्ये बसला असेल तर ती गोष्ट वेगळी, त्याला संरक्षण आहे, पण हौद्यातल्या वीस जणांना ते नाही. मग भरपाई कुणी द्यायची? गाडीमालकाने. आणि हा गाडीमालक म्हणजे आपल्याच वाडीतला पोरगा, बँकेचं कर्ज काढून पिकअप घेतलेला, आंब्याच्या पेट्या नि चिरे वाहून हप्ते फेडणारा. शेजाऱ्याच्या लग्नाला नाही कसं म्हणायचं म्हणून गाडी देतो, आणि अपघात झाला की मेलेल्याच्या घरच्यांना काही मिळत नाही आणि ह्याची जमीन कोर्टाच्या वसुलीत जायची पाळी येते, दोन्ही घरं बसतात. मला हे फार लागतं, म्हणून सांगतो, पिकअपवाल्या पोरांनो माणसांना सरळ नाही म्हणा, आणि बाकीच्यांनी त्याला गळ घालू नका.

त्याऐवजी काय करायचं? एसटीच्या डेपोत जाऊन प्रासंगिक करारावर गाडी मागायची. लग्नकार्याला, सहलीला, देवदर्शनाला पूर्ण बस मिळते, आगारात अर्ज करायचा, तारीख, ठिकाण, किलोमीटर सांगायचे, आगाऊ रक्कम भरायची. लग्नसराईत तारखा भरून जातात म्हणून हॉल बुक केला की त्याच आठवड्यात डेपोला जा. गणपतीला मुंबईचे चाकरमानी पण ग्रुप बुकिंग करून गाडी थेट गावापर्यंत आणतात, त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

वडाप, मॅजिक, सहा सीटर ह्यात बसता तेव्हा बघा की गाडी प्रवासी परवान्याची आहे का, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढेच बसलेत का. जादा बसवले तर प्रत्येक जादा माणसामागे दंड आहेच, पण खरी गोम ही की पॉलिसी जेवढ्या सीटची तेवढ्यांचीच जबाबदारी कंपनी घेते. आणि पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्याने नेली तर पॉलिसीच्या अटी मोडतात, क्लेमच्या वेळी तेच पुढे येतं. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की गाडी कुठल्या प्रकारची, फिटनेस आणि इन्शुरन्स कधीपर्यंत ते दिसतं, हे काम कॉलेजातल्या पोरांना लावा, दोन मिनिटात सांगतात.

आपली स्वतःची गाडी

बाईकवाल्यांनी पॉलिसी काढून एकदा नीट बघा, वर काय लिहिलंय. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीची असेल तर तुमच्या मागे बसलेला माणूस त्यात धरला जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ ला सांगितलंय. म्हणजे तुम्ही बायकोला, आईला मागे बसवून दवाखान्यात नेताय, गाडी घसरली, चूक तुमची, तर तिच्यासाठी कंपनी काही देणार नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी, असेल तर मागे बसणारा धरला जातो. फरक काही शे रुपयांचा असतो जुन्या गाडीला, तेवढे भरा. आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो पॉलिसीत आहे की एजंटने काढून टाकलाय ते पण बघा, तो मिळायला लायसन्स चालू पाहिजे.

गाडी विकली की नाव बदला. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर सही करून नाहीतर नुसत्या शब्दावर गाड्या जातात, तीन तीन जणांकडे फिरतात आणि आरसीवर अजून पहिल्याचंच नाव. ज्याचं नाव आरसीवर तोच मालक, भरपाईची नोटीस त्यालाच येणार, गाडी विकून पाच वर्षं झाली का दहा. फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर करून टाका. पंधरा वर्षं झालेली घरची गाडी असेल तर आरसी संपलेली असते, तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, तसंच फिरवत राहू नका.

लायसन्सचं म्हणाल तर शिकाऊ लायसन्स आता सारथी वेबसाइटवर आधार जोडून घरबसल्या परीक्षा देऊन निघतं, पक्क्यासाठी आरटीओत जावं लागतं, पण आरटीओचे कॅम्प तालुक्याच्या ठिकाणी लागतात त्यात काम होतं, मंडणगड किंवा गुहागरवरून रत्नागिरीपर्यंत जायची गरज नाही. पिकअप चालवणाऱ्या पोरांना सारखा प्रश्न पडतो की वेगळा ट्रान्सपोर्टचा बॅज लागतो का. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिलाय की ७,५०० किलोच्या आतली गाडी असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. त्याच्या वरची गाडी, डंपर वगैरे, तिथे हेवी पाहिजेच.

आणि पोरं. नववी-दहावीतला मुलगा बाबांची स्कूटी घेऊन दुकानात जातो आणि घरच्यांना कौतुक वाटतं. कायद्यात कलम १९९अ आहे, त्यात अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे ड्रायव्हरकी, डिलिव्हरी असली कुठलीही नोकरी त्याला ऐन उमेदीच्या वर्षांत करता येणार नाही. दुकान लांब असेल तर सायकल द्या.

हेल्मेट आयएसआय मार्कचंच घ्या, १ जून २०२१ पासून दुसरं विकायलाच बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला डोक्याच्या टोपीसारखी हेल्मेटं मिळतात ती घेऊ नका, आणि पट्टा लावा, नाहीतर पडताना ते आधी उडून जातं. मागे बसणाऱ्याला पण लागतं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोराला बाईकवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधायचा पट्टा, आणि स्पीड ४० च्या आत, हा नियम २०२३ पासून आहे.

आगोटीच्या आधी आणि पावसात

मे महिन्यात कौलं शाकारतो, लाकडं भरतो, तसंच गाडीचं एक काम करून टाका. टायर बघा. चारचाकीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-रिक्षाची ०.८ मिलिमीटर पाहिजे, त्याच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. मोजायला काही लागत नाही, खाचेच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्या उंचवट्यांच्या लेव्हलला आला की बदलायचा. पेट्रोल पंपावर हवा मारणाऱ्याला दाखवा, तो सांगेल. ब्रेक लायनर, वायपरचं रबर, मागचा लाल दिवा, हे तीन बघून घ्या. ट्रॉलीला, बैलगाडीला, हातगाडीला मागून लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, थोड्या पैशात मिळते आणि रात्री धुक्यात तेवढीच दिसते.

पहिल्या पावसात सावकाश, कारण तेलाचा थर वर येतो. जिथे चिरेखाणीतून ट्रक रस्त्यावर चढतात तिथे लाल चिखल असतो, मच्छीच्या गाड्यांतून पाणी गळून हायवेची डावी बाजू बुळबुळीत होते, झाडाखालच्या वळणावर शेवाळ धरतं. साइडपट्टी पावसाने खचलेली असते आणि वर गवत वाढल्यामुळे दिसत नाही, समोरच्याला साइड देताना चाक खाली उतरवू नका, थांबा आणि त्याला जाऊ द्या.

घाटात, मग तो कुंभार्ली असो, आंबा असो, फोंडा किंवा आंबोली, उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणं हे तर अजिबात नको. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नुसता शिष्टाचार नाही, केंद्राच्या २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांत लिहिलेलं आहे. दरडीखाली गाडी लावून फोटो काढायला उतरू नका. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३० माणसं गेली, पावसाळी सहलीला निघालेली. दापोलीत ती माणसं प्रत्येकाच्या ओळखीची होती.

पुलावरून, साकवावरून, कॉजवेवरून पाणी जात असेल तर थांबायचं. पाणी घोट्यापर्यंतच आहे असं वाटतं पण खालचा रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एसटी आणि बाकीच्या गाड्या अंधारात तशाच पाण्यात गेल्या, त्यांना पूल नाही हे दिसलंच नाही. तुमच्या गावच्या मोरीवरून पाणी जायला लागलं की अलीकडे-पलीकडे माणूस उभा करा, लाल कपडा किंवा टॉर्च घेऊन, आणि तहसीलदार कार्यालयाला फोन करा, पोलीस पाटलाला सांगा.

एसटी आणि शाळेची गाडी

एसटी टिकली तर वडापच्या गर्दीत बसायची वेळच येत नाही, म्हणून एसटी मागत राहा. बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या वर फुकट, मुलींना बारावीपर्यंत फुकट पास, बाकी विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत. गाडी बंद करताना डेपो दोन कारणं देतो, भारमान नाही, म्हणजे गाडी भरत नाही, आणि रस्ता एसटीयोग्य नाही. भारमानाला उत्तर म्हणजे मुख्याध्यापकांचं पत्र, किती मुलं-मुली पासवर येतात त्याची यादी, आणि आठवडी बाजाराचा दिवस. रस्त्याला उत्तर म्हणजे ग्रामपंचायतीने आधीच फांद्या तोडून घ्यायच्या, गाडी वळवायला जागा करून द्यायची आणि मग आगार व्यवस्थापकांना लेखी कळवायचं की येऊन रस्ता बघा, प्रत विभाग नियंत्रकांना. वस्तीची गाडी मागत असाल तर ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला कोरडी जागा, पाणी, संडास ह्याची सोय गावाने काय केली ते पत्रात लिहा, त्याने फरक पडतो.

शाळेच्या गाडीसाठी महाराष्ट्राचे २०११ चे वेगळे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी त्यात असतो. पालकसभेत हात वर करून विचारा की समिती कधी बसली, गाडीचा परवाना, फिटनेस, मदतनीस, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचा सिलिंडर हे कुणी तपासलं. रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला पोरं कोंबलेली दिसली तर रिक्षावाल्यावर ओरडून उपयोग नाही, तीन-चार पालकांनी मिळून दुसरी फेरी ठरवून द्या, त्याचे पैसे द्या.

खाजगी बसवाले गणपती-शिमग्याला वाटेल ते भाडं लावतात. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकिटाचा फोटो काढून आरटीओला तक्रार करा, नुसतं आपसात बोलून राहू नका.

अपघात झाला तर

११२ किंवा १०८. ठिकाण सांगताना गावाचं नाव पुरत नाही, जवळचं देऊळ, शाळा, किलोमीटरचा दगड सांगा आणि एक माणूस फाट्यावर उभा करा. नॅशनल हायवेला १०३३ पण आहे. जखमीला न्यायला घाबरू नका, मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखाना पैशासाठी अडवून ठेवू शकत नाही, हे आता कायद्यातच आहे, कलम १३४अ. पहिल्या तासाभरात जखमीला दवाखान्यात पोचवून जीव वाचवणाऱ्याला केंद्राचं २५ हजारांचं बक्षीस पण आहे, राहवीर नावाने.

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. कुठल्याही रस्त्यावरचा मोटार अपघात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंत, योजनेतल्या दवाखान्यात. दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा की तुम्ही ह्या योजनेत आहात का, आणि पोलिसांना अपघाताची नोंद लगेच करायला सांगा, त्याशिवाय पुढचं हलत नाही. आपसात मिटवूया म्हणून नोंदच न करणं हे आपल्याकडे फार होतं, गाववाले, सोयरे, ओळखीचे. पाय मोडला म्हणून दहा हजार घेऊन मिटवतात आणि सहा महिन्यांनी ऑपरेशन निघतं तेव्हा हातात एक कागद नसतो. नोंद केली म्हणजे वैर धरलं असं होत नाही, त्याच्या गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई समोरच्याच्या खिशातून नाही, त्याच्या विमा कंपनीकडून येते.

भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत लिहिलीय म्हणून तेराव्यानंतर लगेच हालचाल करा, थांबू नका. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात पण दावा करता येतो, अपघात सोलापुरात झाला म्हणून तिकडे फेऱ्या घालायला नकोत. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, एप्रिल २०२२ पासून. अर्ज तहसीलदार किंवा प्रांतांकडे.

रस्ता कुणाचा

खड्डा, पडलेला कठडा, आंधळं वळण ह्यासाठी सरपंचाला शिव्या घालण्याआधी रस्ता कुणाचा ते शोधा. किलोमीटरच्या दगडाचा वरचा रंग बघा, पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा तर राज्यमार्ग, नारिंगी तर ग्रामीण. कागदावर बघितलं तर ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर सुरुवातीला बोर्ड असतो, लांबी, खर्च, ठेकेदार, आणि देखभाल कधीपर्यंत ते लिहिलेलं. पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराची. त्या बोर्डाचा फोटो आजच काढून ठेवा, गंजून पडायच्या आत.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखांना ती भरते, तेव्हा विषय आधी लेखी देऊन ठराव घ्या. ठराव मोघम नको. "रस्ता दुरुस्त करावा" असं लिहिलं की कुणाला काही करावं लागत नाही. असं लिहा: "आमच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळेच्या पुढच्या उतारावर डाव्या हाताच्या वळणावर कठडा नाही, खाली वीस फूट खोल व्हाळ आहे, गेल्या दोन पावसाळ्यांत इथे अमुक अमुक तारखांना अपघात झाले, पोलीस नोंदींच्या प्रती जोडल्या आहेत, तरी इथे कठडा, वळणाचा फलक आणि रिफ्लेक्टर बसवावेत." फोटो जोडा, त्यावर तारीख. प्रत उपअभियंत्यांना, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष ते असतात आणि विषय त्या समितीपुढे ठेवावा असं पत्रातच म्हणा. हायवेवर ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे सारखे अपघात होणारी जागा, धरतात, म्हणून पोलीस नोंद इतकी महत्त्वाची, नोंद नसेल तर कागदावर तिथे काही घडलेलंच नसतं. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका, शिक्का आणि तारीख.

महिन्याभरात काही हललं नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, ग्रामसडकचा रस्ता असेल तर मेरी सडक अ‍ॅपवर फोटोसकट. त्याबरोबर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. मागायचं काय तर रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचं पत्र), दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने बिघाड स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत) कधी संपतो, आणि मोजमाप पुस्तिकेची (किती काम झालं ते मोजून लिहिलेल्या वहीची) प्रत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा.